शंभरात चार

पिल्लू तिने डाव्या मुठीत धरले, उजव्या अंगठ्याने त्याचा पंख पत्त्यांच्या पानांसारखा उलगडला, दिव्याखाली क्षणभर पाहिला आणि पिल्लू माद्यांच्या पेटीत टाकून दिले. पंखातली पिसे सगळी एका मापाची होती. म्हणजे नर. आंधळ्यालाही चाचपून सांगता आला असता इतका चोख नर. या पेटीतला तो सातवा.

“जा,” ती ओठातल्या ओठात म्हणाली. “त्याच्या नावावर जा.”

आदल्या रात्री अंड्यातून बाहेर आलेली कोंबडीची पिल्ले सकाळी उबवणी कारखान्याच्या या हॉलमध्ये येत आणि टेबलांमागे बसलेल्या सात बायका त्यांची निवडणी करत. पंखात लांब-आखूड, लांब-आखूड अशी पिसे असली की मादी. ती शंभराच्या पेटीत, आणि पेटी पोल्ट्रीवाल्यांकडे. पिसे सारखी असली की नर. नर अंडी देत नाही, आणि या जातीच्या नराला मांसही धरत नाही. तेव्हा त्याला पोसणार कोण? तो पायाशी ठेवलेल्या लाल क्रेटमध्ये. दिवसभराचे लाल क्रेट सरकत्या पट्ट्याजवळ रचले जात. पट्टा मागच्या भिंतीतल्या चौकोनी भोकातून पलीकडे जाई, आणि पलीकडे चक्की होती. संध्याकाळी पाच वाजता मुकादम कळ दाबे. थोडा वेळ आवाज होई. मग फरशी धुतली जाई.

हॉलमधल्या बायकांनी तिचे नाव मुंगी ठेवले होते. अंगाने एवढीशी, कामाला न थकणारी, आणि कुणी डिवचले की कडकडून चावणारी. पलीकडच्या टेबलावरची मावशी नव्या पोरींना म्हणायची, “हिच्या वाटेला जाऊ नका गं. मुंगी हत्तीच्या कानात शिरली तर हत्ती लोळतो.”

मावशी गमतीने म्हणायची. मुंगी मात्र पहिल्या दिवसापासून हत्तीच्या कानाकडेच चालली होती.

हत्ती म्हणायला मुकादम काही धिप्पाड नव्हता. खांद्यात वाकलेला, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, खिशात किल्ल्यांचा जुडगा. तो चालत आला की आधी किल्ल्या यायच्या आणि मग तो. भरलेली पेटी त्याच्या टेबलावर जाई. कधी उघडून तपासे, कधी नुसती हातात तोलून बघे, आणि झाकणावर निळा शिक्का मारी. पेटीतल्या चुकीला त्या शिक्क्याचा मालक जबाबदार. मुंगीला हवे होते ते एवढेच.

तिची आई याच हॉलमध्ये वीस वर्षे बसली होती. पिल्लू हातात आले की सोडेपर्यंत तिला पुरता श्वासही लागत नसे. त्या काळी पेटीवर निवडणारीचा नंबर असायचा आणि आईचा नंबर दिसला की पोल्ट्रीवाले पेटी न उघडता गाडीत चढवत. अशा बाईची पेटी एके दिवशी मुकादमाने भर हॉलमध्ये मालकासमोर ठेवली, नर वेगळे काढून दाखवले आणि म्हणाला, “म्हातारीचे डोळे गेले, साहेब. हिला आता घरी बसवा.”

आई घरी आली, एप्रन खुंटीला लावला आणि त्या दिवसापासून हॉलचे नाव तिने काढले नाही. वीस वर्षांची अब्रू एका वाक्यात गेली. गल्लीतली पोरे तिला पाहून आंधळी कोशिंबीर खेळू लागली. मुंगी तेव्हा सासरी, दुसऱ्या गावात होती. ती धावत आली आणि आईला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आईने तक्त्यावरच्या सगळ्या ओळी वाचल्या, अगदी शेवटची बारीक ओळही वाचली आणि डॉक्टरला म्हणाली, “खाली छापखान्याचं नाव आहे. तेही वाचू का?”

डॉक्टर हसला. मुंगीला हसू आले नाही. डोळे शाबूत होते, म्हणजे मुकादम खोटे बोलला होता. आणि खोटे बोलून त्याने आईला जितेपणीच मारले होते, कारण त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ती खरोखरच गेली. लोक रडले. मुंगीने रडायचे बाजूला ठेवले आणि मनाशी एक गाठ मारली: तोच हॉल, त्याच बायका, तेच शब्द. डोळे गेले. ते मालकाच्या तोंडून, मुकादमाच्या तोंडावर.

नवरा वर्षातले आठ महिने जहाजावर. वडिलांकडे बघायला कुणी नाही, हे निमित्त खरेच होते. ती माहेरी आली, सासरचे आडनाव सांगून निवडणीत नोकरी धरली आणि पहिल्याच आठवड्यात तिला कळले की आता पेटीवर निवडणारीचा नंबर नसतो. फक्त शिक्का. देव द्यायला लागला की असा छप्पर फाडून देतो, असे तिला त्या दिवशी वाटले.

आता किल्ल्या वाजल्या. मुकादम तिच्या टेबलाशी येऊन थांबला होता. त्याने पेटीत हात घातला, एक पिल्लू उचलले, पंख पाहिला. मुंगीचा हात थांबला नाही. त्याने पिल्लू परत पेटीत ठेवले.

“इथे उजेड कमी पडतो,” तो म्हणाला. “उद्यापासून खिडकीशी बस. मावशीच्या समोर.”

“मला इथे दिसतंय.”

“खिडकीशी बस.”

तो गेला. मुंगीचे कान तापले. उजेड कमी पडतो! म्हणजे आता हिचेही डोळे काढणार हा. तिने पुढचे पिल्लू उचलले, पंख उघडला न उघडला आणि पेटीत टाकले. त्या दिवशी शंभरात अकरा झाले. पुढेही ती अकराच टाकत राहिली.

*

रविवारी सकाळी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत पाच-सात माणसे जमत. प्राण्यांसाठी झटणारी. त्यांच्यात मुंगी कशी गेली, ते सांगितले पाहिजे. एकदा कारखान्याच्या फाटकावर एक बाई पत्रके वाटत होत्या. मुकादमाने पत्रक घेतले, वाचले, घडी घालून खिशात ठेवले, आणि त्याचा चेहरा उतरला. मुंगीने तेवढे पाहिले. ज्याने याचा चेहरा उतरतो ते आपल्या कामाचे, असा हिशेब करून ती त्या बाईंच्या मागे गेली. दया, माया असले काही तिच्या पोटात नव्हते. पोटात विस्तव होता, आणि विस्तवाला सरपण कुठल्या झाडाचे आहे याच्याशी काय कर्तव्य?

बाई निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना गणिताच्या बाई म्हणत. दुसरे होते बसवाले काका, शाळेची बस चालवणारे, पोट सुटलेले. त्यांनी दूध सोडले होते आणि ते दुःख ते कुणालाही विसरू देत नसत.

“काळा चहा पिऊन पिऊन माझंच तोंड काळं झालं,” कप पुढे करत ते म्हणाले. “पण गाईला बरं वाटत असेल तर असो.”

“काका, गाय तुम्हाला ओळखत तरी का?” मुंगी म्हणाली.

“नाही ना. तेच तर. ओळखीच्यासाठी काय, कुणीही सोडेल.”

बाईंनी चष्म्यावरून मुंगीकडे पाहिले. “सरकारी समितीची चौकशी आता होणार हे नक्की झालंय. उबवणीत काय चालतं ते आतल्या माणसानं उभं राहून सांगितलं तर फरक पडेल. आमचं ऐकून ते जांभया देतात. तू बोलशील का?”

“बोलेन, बाई. पण आत्ता नाही. पुढच्या महिन्यात.”

“मागच्या महिन्यातही तू हेच म्हणालीस. दिवसाला किती जातात म्हणालीस?”

“दहा हजार.”

“आणि महिन्याला कामाचे दिवस सव्वीस.” बाईंना आकडा मोठ्याने सांगायची गरज वाटली नाही. त्यांनी कप खाली ठेवला. “रागावत नाहीये. भीती वाटत असेल, समजू शकते. तुझ्या हातांकडे बघितलं तरी कळतं गं, मनात माया आहे.”

मुंगीने हात पदराखाली घेतले. भीती कसली! आत्ता ती बोलली असती तर हॉलला टाळे लागले असते आणि मुकादम सगळ्यांबरोबर मान वर करून बाहेर पडला असता. तिला त्याला एकट्याला पाडायचे होते. त्यासाठी आणखी महिनाभर पट्टा चालला तर चालू दे. सूड हा असा पाहुणा आहे की घरात आला की आधी यजमानाचेच ताट ओढतो; पण हे यजमानाला फार उशिरा कळते.

गटाचा रिवाज म्हणून तिने घरात अंडी आणणे मात्र बंद केले होते. त्यावरून त्या दुपारी वडिलांनी पुन्हा ताटली सरकवली.

“अंड्यानं तुझं काय घोडं मारलंय?”

“घोडं नाही बाबा. कोंबडं.”

“फार बोलतेस.” वडिलांनी पावाचा तुकडा मोडला. “तुझी आई वीस वर्षं माझ्यापुढे रोज अंडं ठेवायची आणि स्वतः कोरडा पाव खायची. म्हणायची, मला आवडत नाही.”

मुंगीने हातातला घास परत ठेवला. म्हणजे आईने स्वतःच्या तोंडचा घास काढून घर चालवले, आणि त्या माणसाने तिला आंधळी म्हणून हाकलले. विस्तवात आणखी एक लाकूड पडले.

*

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका शनिवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, मालक स्वतः आला. हातात झाकणाची टोपली. मागून एक पोल्ट्रीवाला, लालबुंद. मालकाने टोपली मुकादमाच्या टेबलावर ठेवली आणि झाकण काढले. आतून दीड महिन्याचे एक उंचेपुरे पाखरू उभे राहिले, डोक्यावर लाल तुरा, अंगावर पिसांचा नुसता गोंधळ. त्याने सात बायकांकडे आळीपाळीने पाहिले, मान ताणली आणि आरवायचा प्रयत्न केला. आवाज मध्येच फाटला.

कुणीतरी हसले.

“हे काय आहे?” मालकाने विचारले.

“कोंबडा, साहेब,” मुकादम म्हणाला.

“कोंबडा! माद्यांच्या पेटीत कोंबडा! आणि एक नाही. पेटीपेटीत दहा-दहा, अकरा-अकरा. यांनी दीड महिना दाणा घातलाय. शिक्का कुणाचा आहे पेटीवर?”

“माझा.”

“मग? डोळे गेले का तुमचे?”

मुंगीने हातातले पिल्लू नकळत छातीशी धरले होते. हा क्षण तिने इतक्या वेळा मनात घडवला होता की त्याचा शब्दन्‌शब्द तिला पाठ होता. आता तो म्हणेल, मी नाही साहेब. म्हणेल, बायका कामचुकार आहेत. बोट दाखवेल. आणि मग सगळ्यांसमोर त्याची लाज—

मुकादमाने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. परत घातला नाही.

“हो, साहेब,” तो म्हणाला. “गेलेत.”

बस. एवढेच. मुंगी जिभेवर साखर विरघळायची वाट पाहत राहिली. जो लढतच नाही त्याला पाडल्याची चव कशी लागणार?

“आजचा दिवस भरा आणि किल्ल्या द्या,” मालक म्हणाला, आणि बायकांकडे वळला. “इथे सगळ्यात चांगली नजर कुणाची? सोमवारी शिक्का कुणाकडे देऊ?”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग मावशी म्हणाली, “हिच्याकडे द्या. मुंगीकडे. आईवर गेलीय.”

मालकाला आईशी देणेघेणे नव्हते. त्याने मुंगीला वरपासून खालपर्यंत पाहिले, ठीक आहे म्हणाला आणि पोल्ट्रीवाल्याला घेऊन निघून गेला. कोंबडा टेबलावरच राहिला.

“कुणाच्या आईवर?” मुंगीचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

“अगं, तुझ्याच की,” मावशी म्हणाली. “पंख उलगडताना करंगळी अशी वर धरणारी बाई जगात एकच होती. पहिल्या दिवशीच ओळखलं आम्ही तुला. मुकादम म्हणाले, तिला सांगायचं नसेल तर आपण कशाला विचारायचं?”

*

मुकादमाची खोली म्हणजे पत्र्याचे एक कपाट, एक टेबल आणि दोन माणसे उभी राहतील एवढी जागा. कोंबडा टोपलीसकट त्याने आत आणून ठेवला होता. मुंगी दाराशी उभी राहिली.

“बस.”

“मी उभीच बरी.”

“बरं.” त्याने एकेक किल्ली टेबलावर मांडली. “ही कपाटाची. ही गाडीच्या दाराची. ही पट्ट्याच्या कळीची. शाईची गादी सोमवारी ओली करायची, पण जास्त नाही, नाहीतर शिक्का पसरतो. कळ दाबण्याआधी पट्ट्याजवळ कुणाचा पदर नाही ना, ते बघायचं. आवाज थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही. हललं की दुसऱ्या दिवशी परत येववत नाही.”

तिने किल्ल्या उचलल्या नाहीत.

“आणि तुझा हात फार सुटलाय,” तो त्याच सुरात म्हणाला. “शंभरात चार.”

“काय चार?”

“नर. चार सोडायचे. चार निघाले तर पोल्ट्रीवाला काही म्हणत नाही, निवडणीत तेवढी चूक धरूनच चालतात. पाच निघाले की फोन येतो. अकरा निघाले की मालक येतो.”

मुंगीने दाराची चौकट धरली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. आधी तुझ्या सगळ्या पेट्या उघडायचो. पंधराच्या पंधरा. प्रत्येकीतले चाराच्या वरचे काढायचे. पण गाडी सुटायची वेळ ठरलेली, माझी बोटं आता ही अशी. काही पेट्या तशाच जाऊ लागल्या. म्हटलं खिडकीशी बसवावी. तुझी आई तिथेच बसायची. तिथून मावशीचा हात दिसतो. बघून शिकशील, वाटलं.” तो थांबला. “तू मावशीच्या हाताकडे बघितलंच नाहीस. माझ्याकडेच बघत होतीस.”

“मावशीपण?”

“सगळ्याजणी. दिवसाला चारशे जातात बाहेर. आणि नियम माझा नाही, तुझ्या आईचा. मी नवा मुकादम झालो तेव्हा तिची पेटी उघडली, चार नर. दुसरी उघडली, चार. तिसरी, चार. चूक अशी मोजून होत नाही. तिला विचारलं, हे काय? म्हणाली, दीड महिना ऊन तरी बघतील. मी काय बोलणार होतो? मी शिक्का मारला.”

कोंबड्याने टोपलीच्या काठावर चोच घासली. मुकादमाने त्याच्यापुढे वाटीत पाणी ठेवले.

“शेवटच्या वर्षी तिला आवरेना. सहा झाले, नऊ झाले. मी भांडलो तिच्याशी. म्हणाली, आता हात थांबत नाही. पेटीवर तिचा नंबर. मालकाच्या कानावर गेलंच होतं. मुद्दाम करतात असं त्याला कळलं असतं तर सातही जणी गेल्या असत्या आणि नवी माणसं शंभराला शंभर निवडत बसली असती.”

“म्हणून तुम्ही तिला आंधळी ठरवलं.”

“तिनं सांगितलं तसं बोललो. शब्दही तिचेच. म्हण, म्हातारीचे डोळे गेले.” पहिल्यांदाच त्याचा आवाज हलला. “मला म्हणाली, जोरात म्हण, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मग मी मालकाकडून पेटीवरचे नंबर काढून घेतले. म्हटलं, एकच शिक्का असला की जाईल तर एकच जाईल.”

चार महिने, त्याआधीची दोन वर्षे, घासून घासून धार लावलेले एक पाते तिच्या हातात होते, आणि समोर कापायला काही उरले नव्हते. तरी धार होतीच. ती कुठेतरी लागणारच होती.

“आईनं मला का नाही सांगितलं?”

“तू काय केलं असतंस? गप्प बसली असतीस?”

उत्तर दोघांनाही ठाऊक होते.

“नोकरीची दोन वर्षं राहिली होती माझी,” मुकादम म्हणाला. त्याने टोपली काखेत घेतली, झाकण अर्धवट उघडेच ठेवले. “तुझा राग नाही आला असं म्हणणार नाही. आलाय. चांगलाच आलाय. पण तो माझा मी बघेन. तू चाराचं बघ.”

तो हॉलमधून चालत गेला तेव्हा बायका उभ्या राहिल्या. किल्ल्या नव्हत्या, त्यामुळे त्याच्या पावलांचा आवाज मुंगीला पहिल्यांदाच ऐकू आला.

*

रविवारी ती सगळ्यांच्या आधी खोलीवर पोचली. बाई खुर्च्या मांडत होत्या. शिक्क्याची बातमी ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

“देवानंच बसवलं बघ तुला तिथे. आता आतलं सगळं तुझ्या डोळ्यांसमोर.”

“बाई, एक विचारू? शंभर नरांतले चार वाचले, तर ते चांगलं का वाईट?”

बाईंनी खुर्ची हातातच धरली. वर्गात एखाद्या हुशार मुलीने अडचणीचे गणित घातल्यावर थांबावे तशा त्या थांबल्या.

“चांगलं,” त्या म्हणाल्या. “आणि शहाण्णवांचं काय?”

मुंगीने मान खाली घातली. ते चार वाचवण्यासाठी एक बाई आंधळी झाली होती आणि एक माणूस काल घरी गेला होता, हे ती सांगू शकली असती. पण बाईंचा प्रश्न तरीही तिथेच उभा राहिला असता. बाई चुकत नव्हत्या. आईही चुकली नव्हती. अशा जागी माणसाने कुणाचा सूड घ्यावा?

“चौकशी कधी आहे?”

“पुढच्या महिन्याच्या सोळाला.”

“मी येते. उभी राहून सांगते. पट्टा, चक्की, सगळं.”

“नाव लपवता येईल तुझं. तशी सोय आहे.”

“नको. कळ कोण दाबतं, असं विचारतीलच ना ते?” ती म्हणाली. “उद्यापासून मी दाबते. तसंच सांगेन. फक्त निवडणीतल्या बायकांबद्दल मला काही विचारू नका. तुम्हीसुद्धा.”

बाई काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात काका धापा टाकत जिना चढून आले, त्यांनी दोघींचे चेहरे पाहिले आणि न बोलता स्टोव्हवर काळ्या चहाचे आधण ठेवले.

*

सोमवारी मुंगी मुकादमाच्या टेबलावर बसली. खुर्ची तिला उंच होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. नेहमी कुणीतरी यावर काहीतरी बोलले असते. आज कुणी बोलले नाही. सहा टेबले चालू होती, खिडकीजवळचे सातवे रिकामे.

पहिली पेटी मावशीने आणली. टेबलावर ठेवून ती गेली नाही. एप्रनला हात पुसत, भिंतीकडे पाहत उभी राहिली.

“बघून घे गं बाई नीट,” ती म्हणाली. “माझेही डोळे हल्ली भरवशाचे नाहीत.”

मुंगीने झाकण बाजूला केले. उबदार, पिवळा कलकलाट वर आला. तिने एकेक पिल्लू उचलले, पंख उलगडला, सोडले. लांब-आखूड. लांब-आखूड. पेटीच्या एका कोपऱ्यात पहिला नर लागला. तो तिने होता तिथे ठेवला. मध्यावर दुसरा. तिसरा आणि चौथा अंगाला अंग लावून, एकमेकांच्या मानेखाली डोके खुपसून बसलेले होते. त्यांना तिने वेगळे केले नाही.

चार.

तिने श्वास सोडला आणि शिक्क्याकडे हात नेला. पेटीत अजून सात-आठ पिल्ले बघायची राहिली होती. नाही पाहिली तरी चालले असते. तिने हात परत पेटीत घातला.

शेवटून दुसरे पिल्लू हातात आले तेव्हा पंख उघडायच्या आधीच तिला कळले. तरी तिने उघडला. दिव्याजवळ नेऊन पाहिला, मग खिडकीच्या उजेडाकडे धरून पुन्हा पाहिला. पिसे सगळी एका मापाची होती. पिल्लाने तिच्या अंगठ्याला चोच लावून पाहिली, मग मुठीच्या उबेत डोळे मिटले.

मावशी भिंतीकडेच पाहत होती.

मुंगी खुर्चीवरून उतरली. लाल क्रेट टेबलाच्या डाव्या अंगाला, दोन पावलांवर होता. ती वाकली, मूठ अगदी तळापर्यंत नेली आणि बोटे उघडली.

मग तिने झाकण लावले, शिक्का शाईवर टेकवला आणि पेटीवर दाबून धरला. शाई जरा जास्त झाली होती, कडा पसरल्या.

“पुढची आणा,” ती म्हणाली.